मोठे गेले कुठे?

गेले चार दिवस भेटेल त्याला धरून मी हेच सांगतेय. आज तुम्ही सापडलात!

भाची गडचिरोलीत लॅब टेक्निशियन आहे. तिच्याकडे गेले, तर तिने मला थेट मायक्रोस्कोपपुढेच बसवलं. "मावशी, बघ, मलेरियाचा परजीवी, फाल्सिपेरम." करड्या-गुलाबी रक्तपेशी आणि त्यांत इवल्या निळ्या अंगठ्या, प्रत्येकीला लाल खडा! स्लाइड सरकवत गेले, जिकडेतिकडे अंगठ्याच. म्हणजे सगळी पोरंटोरं. "अगं, यांतले मोठे कुठायत?" ती हसली. "लपलेत."

लपलेत? रक्तात?

हो! अंगठी वाढू लागली की हा परजीवी पेशीच्या आवरणावर बारीक गाठी उभारतो आणि त्यांवर पीएफईएमपी-१ नावाचं चिकट प्रथिन बसवतो. मग ती पेशी बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बसते. कारण वाहत गेली तर वाटेत प्लीहा आहे, आणि ती ताठरलेल्या पेशी गाळून काढते. चाळणीपर्यंत जायचंच नाही, बोला! हीच गर्दी मेंदूतल्या वाहिन्यांत झाली तर मात्र जिवावर बेततं.

बरं, राहायला घर तरी कसलं निवडलंय! इतर पेशींत कोणी घुसलं तर त्या त्याचे तुकडे बाहेर मांडून बोंब ठोकतात. तांबड्या पेशीला केंद्रक नाही, आणि बोंब ठोकायची ती यंत्रणाही नाही.

पण बाहेर चिकट प्रथिन लावलं म्हणजे दारावर पाटीच लावली की! शरीर ती वाचतं, अँटिबॉडी तयार करतं, धरपकड सुरू होते. इथे तर मी खुर्चीतून उठलेच. या पठ्ठ्याकडे अशा सुमारे ६० पाट्या आहेत! 'व्हार' जनुकं म्हणतात त्यांना. १९९५मध्ये ती सापडली. एका वेळी एकच चालू, बाकीची गप्प. धरपकड होईतो काहींनी पाटी आधीच बदललेली असते. ते वाचतात, वाढतात, आणि शरीराला पुन्हा पहिल्यापासून वाचन! सतत मलेरिया असलेल्या भागात मोठ्या माणसांना तो लहान मुलांइतका छळत नाही, तो यामुळेही: वर्षानुवर्षं ताप काढून त्यांच्या शरीराने बऱ्याच पाट्या पाठ केलेल्या असतात.

भाचीने रिपोर्टवर 'अंगठ्या' लिहून पुढची स्लाइड घेतली. तिला दिसलं तेवढंच लिहायचं असतं. मी मात्र अजून त्या भिंतींना चिकटलेल्यांपाशीच आहे.