मुठीचं पीठ

आमच्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. मंडळीला सांभाळतो तो पाळक, असं आम्ही म्हणतो. पण १९७२ च्या दुष्काळात मंडळीनं पाळकाला सांभाळलं, ते मी पाहिलंय.

मी तेव्हा बारा वर्षांचा. विहिरी आटलेल्या. आई-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला, घरात मिलोची लाल भाकरी. त्यात पाळकसाहेब तापानं दोन महिने अंथरुणाला खिळले. बायांनी ठरवलं, भाकरी थापायच्या आधी एक मूठ पीठ बाजूला काढायचं. दर रविवारी ते पाळकीणबाईंकडं पोचायचं. पाणी आम्हा पोरांकडं. हंडा लहान, पण वाट दीड मैलाची.

बरे झाले तसे पाळकसाहेब काठी टेकत उपासनेला आले. म्हणाले, "कोणी किती दिलं, ते मी लिहून ठेवलं नाही. पण ज्या दिवशी पीठ आलं, त्या दिवशी कोणाच्या चुलीवर तवा चढला नव्हता, ते मला ठाऊक आहे."

आईनं मान खाली घातली. मग मला आठवलं, रविवारी आम्हाला भाकरी अर्धीच का मिळायची.