इकडील सर्व क्षेम

परप्रांतात नोकरी करणाऱ्या माणसाला घरच्या पत्रातील एक वाक्य न वाचताही वाचता येत असे : 'इकडील सर्व क्षेम.' त्या एका वाक्याच्या पांघरुणाखाली कोणाचा ताप, कोणाची भाऊबंदकी, कोठले गळके छप्पर सुखाने निजलेले असे! पत्रांचा काळ सरला, मायना गेला; पण ते वाक्य आता दूरध्वनीवर येऊन बसले आहे. 'कशी आहेस?' 'बरी आहे.' हे 'बरी' म्हणजे नेमके काय, असे आपण सहसा विचारीत नाही. विचारले, तर रजेचा अर्ज लिहावा लागण्याची धास्ती असते. आमच्या घरात तो प्रश्न विचारला एका क्ष-किरण चित्राने.

माझी थोरली बहीण, अक्का, साताऱ्यास असते. घास छातीत अडकतो, अशी तिची तक्रार चार वर्षे चालली होती. ती कधी पित्ताच्या नावावर खपली, कधी मनाच्या. शेवटी मी तिला लखनौस आणले, तेव्हा विकाराला नाव मिळाले : अकॅलेशिया. या ग्रीक शब्दाचा अर्थ 'सैल न होणे'. आपण गिळतो तेव्हा अन्ननलिकेत वरून खाली एक लाट उतरत जाते आणि तळाशी असलेली स्नायूंची कडी क्षणभर ढिली होऊन घासाला जठरात वाट देते. ही ढिलाई आणणाऱ्या मज्जापेशीच या विकारात नाहीशा होतात. कडी आवळलेली राहते, लाटही विरून जाते आणि अन्न बंद दाराशी ताटकळत उभे राहते. वर्षाकाठी लाखात एखाद्यालाच हे दुखणे जडते.

इंग्लंडातील टॉमस विलिस या वैद्याने 1674 साली अशा एका रोग्याची हकीकत लिहून ठेवली आहे. देवमाशाच्या जबड्यातील लवचीक पट्टीच्या काडीला स्पंज बांधून तो रोगी आपले अन्न खाली ढकलीत असे. आजही उपचाराचे मर्म फारसे बदललेले नाही. गेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत. दार तेवढे मोकळे करता येते. त्यासाठी फुगा फुगवून कडीचे तंतू ताणतात. किंवा अर्न्स्ट हेलर या जर्मन शल्यवैद्याने 1913 साली दाखविलेल्या रीतीने ते कापतात. किंवा जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी 2008 साली प्रथम केल्याप्रमाणे तोंडावाटे दुर्बीण घालून आतूनच कापतात.

अक्कासाठी फुग्याचा मार्ग निवडला गेला. थोड्याच दिवसांत ती पोळीभाजी खाऊ लागली. महिन्याने डॉक्टरांनी ठरलेले चार प्रश्न विचारले : घास अडकतो का, खाल्लेले उलटून येते का, छातीत दुखते का, वजन घटले का? प्रत्येकास 0 ते 3 गुण, एकूण 12. बेरीज 3 किंवा त्याहून कमी आली, तर उपचार साधला असे समजतात. अक्काची बेरीज 2 आली. आम्हां कचेरीतल्या माणसांच्या भाषेत प्रकरण निकाली निघाले होते.

तरीही तिला पुन्हा बेरियम प्यावयास सांगितले. या परीक्षेची पद्धत अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील डॉक्टरांनी 1997 साली मांडली. ती इतकी साधी आहे, की नवल वाटते. रोग्याने उभ्याने तो पांढरा द्राव अर्ध्यापाऊण मिनिटात प्यावयाचा. मग 1, 2 आणि 5 मिनिटांनी चित्रे घ्यावयाची. बेरियम क्ष-किरणांना अडवितो, म्हणून नलिकेत जे उरले असेल ते स्तंभासारखे उभे दिसते. त्याची उंची मोजावयाची, एवढेच. उपचारापूर्वी पाचव्या मिनिटाला अक्काचा स्तंभ 14 सेंटिमीटर होता आणि त्याचे खालचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते झाले होते. आता तो 11 सेंटिमीटर निघाला. तो निदान निम्म्यावर यावयास हवा होता.

अक्का दुखावली. "चार वर्षं मी आजारी आहे म्हणत होते, तेव्हा कुणी मानलं नाही. आता बरी आहे म्हणते, तर तेही मानू नका!" या बोलण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. डॉक्टरांपाशी होते. ती खोटे बोलते, असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. रोगी आपली तुलना निरोगी माणसाशी करीत नाही. कालच्या स्वतःशी करतो. शिवाय ताणून फुगलेल्या नलिकेची संवेदना मंदावते आणि माणूस दुखण्याला वळण लावता लावता स्वतःच त्याच्या वळणावर जातो. तो हळू जेवतो, घासागणिक पाणी पितो, ताठ बसतो, रात्रीचे जेवण टाळतो आणि या सर्वांस मिळून 'बरे' म्हणतो. क्लीव्हलँडच्याच डॉक्टरांना आढळले होते, की पूर्ण आराम पडल्याचे सांगणाऱ्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोकांचा स्तंभ निम्म्यानेही उतरलेला नव्हता. पुढे 2002 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशांपैकी बहुतेकांचे दुखणे वर्षाच्या आत परतल्याचे दिसले.

चित्रालाही सर्व काही कळते असे नाही. कित्येकांची नलिका अर्धवट रिकामी होते आणि त्यांची तक्रार नसते. कित्येकांची स्वच्छ रिकामी होते आणि छातीतील कळ जात नाही. म्हणून चित्राच्या एकट्याच्या साक्षीवर शस्त्र उचलावयाचे नाही, आणि रोग्याच्या एकट्याच्या साक्षीवर त्याला निरोपही द्यावयाचा नाही, असा त्यांचा दंडक होता. दौऱ्यावर न जाता केवळ अहवाल वाचून सही करणाऱ्या, तसेच अहवाल न वाचता दौऱ्यावर निघणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या अधिकाऱ्यांनी तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

निर्णय अक्कावर सोडला गेला. तिने थांबणे पसंत केले. सहाव्या महिन्यात खाल्लेले रात्री उलटून येऊ लागले, उशी भिजू लागली. आणि या खेपेस तिने आपण होऊन मला कळविले. चार वर्षांत ज्या तक्रारीवर कोणी कान दिला नव्हता, ती ऐकताच आता सर्वांनी मानली. दुर्बिणीतून स्नायू कापले गेले. नंतरच्या चित्रात पाचव्या मिनिटाला 2 सेंटिमीटरचा स्तंभ होता. तिने ते चित्र हातात घेऊन उजेडासमोर धरले आणि बराच वेळ पाहिले.

अद्यापही ती प्रत्येक घासानंतर पाण्याचा एक घोट घेते. नलिकेला त्याची गरज नाही, हे तिला ठाऊक आहे. मी विचारले, तर म्हणाली, "असू दे रे. इतकी वर्षं त्यानंच तारलं."