वीस कट्टे

लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. मधोमध १९१७ साली बांधलेली दुमजली गोल इमारत, आत अंबाबाईचं देऊळ, भोवती सोनं, चपला, मिरची, गूळ असा बाजार. नांदेडला विष्णुपुरीत हॅशिंग शिकताना मला गोलाईच आठवली. गूळ हवा म्हणून कुणी सोळाही रस्ते पालथे घालत नाही. नाव काढलं की पाय आपोआप वळतात. हॅश फंक्शन नावावरून आकडा काढतं, आकड्यावरून खण. जावाचा हॅशमॅपही १६ खणांनीच सुरू होतो. नोंदी १२ च्या वर गेल्या की मात्र तो खण दुप्पट करून घेतो. गोलाईला ती सोय नाही, तिथे गर्दी सोसायची.

प्रोग्राम लिहिण्याचं पहिलं मोठं काम मिळालं ते मार्केट यार्डातल्या एका आडतीचं. तूर, सोयाबीन, वजन, भाव, हमाली, तोलाई, शेवटी पट्टी. काट्यावरून कधीकधी एकच नोंद दोनदा यायची, म्हणून मी नोंदी सेटमध्ये टाकल्या. शेतकरी, माल, वजन, भाव सगळं सारखं असलं की दुसरी नोंद आपसूक गळते. स्वतःवरच खूश होतो. मग एक म्हातारे शेतकरी पट्टी घेऊन आले.

"मालक, कट्टे वीस उतरवले, पट्टीत धाच कशे?"

दहा-दहा कट्ट्यांचे दोन लॉट होते. वजन किलोला किलो सारखं, भाव एकच. सेटला त्यात एकच लॉट दिसला. सारखं ते एकच, हा त्याचा धर्म, तुरीचा नव्हे.

सी प्लस प्लसमध्ये २०११ च्या प्रमाणापासून अनऑर्डर्ड मल्टिसेट आहे. तो सारख्या नोंदी गाळत नाही, शेजारी-शेजारी ठेवतो, किती आहेत ते मोजून सांगतो. तो आणला आणि आठवड्यात दुसरी ठेच लागली. एक सौदा मोडला. मी 'इरेज'च्या हाती नोंदच दिली, तर त्याने तिच्यासारख्या झाडून सगळ्या पुसल्या. एकच पुसायची तर आधी 'फाइंड'ने तिच्यावर बोट ठेवायचं आणि ते बोट 'इरेज'ला द्यायचं. मॅन्युअलात हे लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं.

तसं केलं, तरी आडत्याने विचारलंच: दोनांतला कोणता लॉट पुसला? माझ्या मल्टिसेटच्या लेखी दोन्ही एकच. आडत्याच्या लेखी एक ट्रकमध्ये चढलेला, दुसरा अजून फरशीवर. तेव्हा कुठे प्रत्येक नोंदीला लॉट नंबर दिला, काट्याची दुबार नोंद त्यावरूनच पकडली आणि शेतकऱ्याच्या क्रमांकाखाली त्याचे सगळे लॉट मल्टिमॅपमध्ये ठेवले. मल्टिसेट उरला तो रिकाम्या बारदान्यापुरता. त्यातला हा की तो, कुणी विचारत नाही.

आता पट्टी छापायच्या आधी प्रोग्राम कट्ट्यांचा ताळा हमालाच्या मोजणीशी घालतो. जुळला नाही तर पट्टी निघत नाही.