जुन्या गोव्यातील एक दर्शनी भिंत

संत फ्रान्सिस झेविअर ह्यांच्या नोव्हेनाच्या दिवसांत आम्ही आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांसह जुन्या गोव्याची यात्रा केली. बेळगावहून पहाटे निघालेली गाडी चोर्ला घाट उतरू लागली तेव्हा जपमाळ पूर्ण होत आली होती. बॉम जेझू बॅसिलिकेत ख्रिस्तयाग झाला, संताच्या चांदीच्या पेटीपुढे सर्वांनी गुडघे टेकले. नंतर वडील मंडळी शिदोऱ्या सोडून सावलीत विसावली, आणि आम्ही मुलांना घेऊन जवळच्याच मोंते सांतो ह्या टेकडीवर गेलो.

येथे संत ऑगस्टिनच्या चर्चचे अवशेष आहेत. १६०२ साली पूर्ण झालेले हे चर्च त्या काळी वैभवाचे आगर होते. १८३५ साली संन्यासी येथून गेले व मठ ओस पडला. पुढे सातच वर्षांनी, १८४२ मध्ये, चर्चचे कमानदार छत कोसळले. आज सुमारे ४६ मीटर उंचीचा जांभ्या दगडाचा अर्धा मनोरा तेवढा उभा आहे. पायाखाली कोरीव थडगी आहेत, वर मोकळे आकाश. येथील मोठी घंटा आता पणजीच्या चर्चमध्ये वाजते.

आम्ही मुलांना सांगितले, की छत पडले तरी दर्शनी भिंत मात्र उभीच राहिली होती. ती व मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ साली कोसळला.

एका मुलाने बोटांवर हिशेब केला आणि विचारले, "म्हणजे ८९ वर्षे, फादर! मागे काहीच नव्हते, तरी समोरून चर्च शाबूतच दिसत असेल?"

"समोरून दिसत असेल खरे," आम्ही उत्तरलो, आणि पुढे बोलणे सुचेना.

कारण आम्हांस आमच्याच गावचा गेल्या वर्षीचा प्रथम कम्युनियनचा सोहळा आठवला. सोहळा देखणा व्हावा म्हणून सर्व मुलींनी पांढरा झगा व वेल घालून यावे, असे आम्ही वेदीवरून बजावले होते. सोहळा देखणा झालाही. छायाचित्र सुरेख आले, ते आम्ही कौतुकाने पुष्कळांस दाखविले. एक मुलगी मात्र आली नाही. तिला ताप आहे, असे आईने कळविले. कित्येक महिन्यांनी आम्हांस समजले, की ताप नव्हता, झगा नव्हता. त्या माउलीला खोटे बोलावयास लावणारे आम्हीच होतो. धर्मशिक्षणात त्या मुलीइतकी चोख उत्तरे दुसरे कोणी देत नसे.

त्याच अवशेषांत आम्ही मुलांना आणखी एक जागा दाखविली. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिला १६२४ साली इराणातील शिराझ येथे मरणदंड झाला, कारण तिने ख्रिस्ती श्रद्धा सोडण्यास नकार दिला. ऑगस्टिनी संन्याशांनी तिचे काही अवशेष गोव्यात आणून ह्या मठात ठेवले. चर्चबरोबर तेही ढिगाऱ्याखाली गेले. ह्या शतकात उत्खननात सापडलेल्या एका अस्थीची हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी परीक्षा केली व ती तिचीच असावी असे ठरले. २०२१ साली भारत सरकारने ती जॉर्जियाच्या स्वाधीन केली.

केतेवानने ओठांनी "हो" म्हटले असते आणि मनात ख्रिस्ताला ठेवले असते, तर ती वाचली असती. जीव वाचविण्यासाठीसुद्धा तिला दिखाऊ होकार देववेना. आणि आपण? आपल्या जिवाला कसलेच भय नाही. केवळ लोकांनी बरे म्हणावे म्हणून आपण सणाला कर्ज काढतो. मिरवणुकीत खांद्याला खांदा लावून चालणारे सख्खे भाऊ घरी एकमेकांशी बोलत नाहीत. चुना फासलेल्या कबरींविषयी प्रभू जे बोलला, ते शेजाऱ्यासाठी बोलला, असे आपण समजतो. आम्हीही तसेच समजत होतो.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो आणि तिच्या आईची क्षमा मागितली. ती बराच वेळ चुलीकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "फादर, तिची प्रार्थना अजून पाठ आहे."

पुढच्या रविवारी शाळेच्या निळ्या झग्यात त्या मुलीने प्रभूचा स्वीकार केला. छायाचित्र काढण्याचे कोणास आठवले नाही.

प्रिय कुटुंबांनो, सण जवळ आला की आपण घराची पुढची भिंत रंगवितो. जरूर रंगवावी. पण त्याआधी आत जाऊन, छत शाबूत आहे ना, हे एकदा पाहावे. आम्हीही ह्यापुढे तसेच करू. आमच्यासाठी प्रार्थना करा.