शिखरानंतरचा उतार

सावनेरहून दोन रस्ते फुटतात. एक पांढुर्ण्यावरून मुलताई-बैतूलकडे, दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याला. आंबिया बहाराची संत्री निघाली की दोन्हींवर मालट्रकांची रीघ लागते. डांबरी मिश्रणाला तडा कसा जातो हे तपासणं माझं काम. त्यामुळे या टापूत आले की नजर आधी चाकांच्या पट्ट्यात जाते.

सगळे तडे एका कुळातले नसतात. काठालगत लांबलचक भेग दिसली तर दोष बहुधा खालच्या काळ्या मातीचा. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि कडेची माती आधी वाळते. चाकांच्या पट्ट्यात मगरीच्या पाठीसारखी जाळी दिसली तर मात्र तो थकवा. चाक जाताना थर वाकतो आणि त्याच्या तळाशी ताण येतो. फार जाड नसलेल्या थरात तडा अनेकदा तिथूनच निघतो. वर दिसेपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

हा थकवा आम्ही प्रयोगशाळेत घडवून आणतो. ३८० मिलिमीटर लांब, ६३ रुंद, ५० जाड अशी तुळई कापायची, चार ठिकाणी पकडायची आणि २० अंश सेल्सिअसला सेकंदाला १० वेळा वाकवायची. हे वाकवणं ४०० मायक्रोस्ट्रेनचं, म्हणजे मीटरमागे ०.४ मिलिमीटर लांबण्याइतकं; डोळ्याला काहीच हललेलं जाणवत नाही. पडद्यावर मात्र ताठरपणा आधी भरभर उतरतो, मग फार वेळ रेंगाळतो आणि अखेर कोसळतो. तो निम्म्यावर आला की तुळई गेली असं धरतात. बऱ्याचदा तेव्हाही ती हातात अखंडच असते.

रस्त्याचे थर ठरवणाऱ्या आयआरसी ३७ या भारतीय मार्गदर्शिकेच्या थकव्याच्या सूत्रात या स्ट्रेनचा घातांक ३.८९ आहे. तळाचा स्ट्रेन निम्मा झाला तर आयुष्य जवळपास १५ पट वाढतं. उलट, ट्रकच्या अ‍ॅक्सलवर २० टक्के जादा वजन टाकलं तर चौथ्या घाताच्या नेहमीच्या हिशेबाने नुकसान दुप्पट.

कामावर मात्र आजही आधी विचारतात ती मार्शल स्टॅबिलिटी. मिसिसिपीच्या रस्ते खात्यातल्या ब्रूस मार्शल यांनी १९३० च्या दशकात बसवलेली ही चाचणी ६० अंशांना होते. उन्हात रस्ता दबेल का, याचा अंदाज ती देते. तडकेल का, हे तिच्या कक्षेतच नाही. आकडा भरघोस आला की सगळे खूश होतात, आणि मला तिथेच धास्ती वाटते. प्लांटमध्ये जादा तापून कडक झालेलं डांबरही इथे चांगले गुण मिळवतं.

म्हणून टेक्सासमध्ये फुजी झोऊ यांनी मांडलेली आयडियल-सीटी ही तडा-चाचणी मला मोलाची वाटते. १५० मिलिमीटर व्यासाची चकती २५ अंशांना उभी दाबायची. करपलेल्या डांबराची चकती मोठा भार घेते आणि शिखर गाठताच आलेख सरळ खाली येतो. चांगल्या मिश्रणाचं शिखर कधी कधी ठेंगणं असतं, पण उतार लांब. तडा उघडत असताना दोन गिट्ट्यांमध्ये डांबराचे काळे धागे ताणलेले दिसतात, ते चटकन तुटत नाहीत. रस्त्याचं आयुष्य त्या उतारात आहे.

गिट्टीचाही प्रश्न आहेच. पांढुर्ण्याकडे काळा बेसॉल्ट, डांबराला धरून राहणारा. सौंसरकडे त्याहून कितीतरी जुने रूपांतरित खडक; भूशास्त्रात त्यांना ‘सौंसर गट’ असंच नाव आहे. त्यातल्या गारगोटीयुक्त दगडावरून पाणी डांबर सोडवतं. भिजवलेल्या नमुन्याची ताणशक्ती कोरड्याच्या किमान ८० टक्के भरली पाहिजे. नाही भरली तर विरलेल्या चुन्याची भुकटी मिसळावी. एका खदानीवर ठरलेलं मिश्रण दुसरीकडे तसंच उचलू नये.

पांढुर्णा २०२३ मध्ये जिल्हा झाला, सौंसर त्यातच आलं; म्हणजे दोन्ही प्रकारची गिट्टी आता एकाच जिल्ह्यात. इथल्या प्रत्येक मोठ्या कामावर, प्लांटमधून निघालेल्या मिश्रणाची आयडियल-सीटी चाचणी सक्तीची करावी. यंत्राचा वेग जवळपास मार्शलचाच, मिनिटाला ५० मिलिमीटर. भार आणि सरकणं सतत नोंदवायची सोय तेवढी जोडावी लागते.