अंगद कोणाच्या ओटीत?

वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात मरणोन्मुख वालीला राज्याची चिंता नाही. त्याला चिंता आहे ती एकुलत्या एका अंगदाची. ज्याच्या बाणाने आपण पडलो त्या रामाच्या आणि ज्याच्यासाठी तो बाण सुटला त्या सुग्रीवाच्याच ओटीत तो आपला मुलगा घालतो. रामाच्या लेखी वाली हा भावाच्या पत्नीचे हरण करणारा अपराधी आहे आणि त्याचा वध हा दंड आहे. दंड देणाऱ्यानेच दंडिताच्या मुलाचे पालकत्व पत्करावे, हा तोडगा वरवर पाहता उदात्त वाटतो. अंगदाला यौवराज्यही मिळते.

परंतु कवी तेथे थांबत नाही. सीतेच्या शोधार्थ दक्षिणेस गेलेल्या वानरांची मुदत टळते, तेव्हा अंगद प्रायोपवेशनास बसतो. सुग्रीवाने आपल्याला युवराज केले ते प्रेमाने नव्हे, रामाच्या धाकाने. परत गेलो तर तो आपल्याला जिवंत ठेवणार नाही, असे तो उघड बोलून दाखवतो. पालनपोषण झाले, मानमरातब लाभला, विश्वास तेवढा रुजला नाही. कुख्यात ठरलेल्या पित्याच्या पोरक्या मुलाचा प्रश्न केवळ अन्नवस्त्राचा नसतो, हे येथे स्पष्ट होते.

हा प्रश्न केवळ पुराणातला नाही, याची साक्ष चंदीगडच्या परिसरात मिळते. 31 ऑक्टोबर 1984 रोजी इंदिरा गांधींची हत्या करणारा बेअंतसिंग त्याच दिवशी सुरक्षारक्षकांच्या गोळ्यांनी मारला गेला. मागे पत्नी बिमल कौर आणि लहान मुले राहिली. 1989 च्या लोकसभा निवडणुकीत चंदीगडला लागून असलेल्या रोपड मतदारसंघातून बिमल कौर आणि भटिंड्यातून बेअंतसिंगाचे वडील सुच्चासिंग निवडून आले. 1991 मध्ये बिमल कौरही वारल्या आणि मुले पूर्ण पोरकी झाली. त्यांतील सरबजीतसिंग खालसा 2024 मध्ये फरीदकोटहून अपक्ष म्हणून सत्तर हजारांहून अधिक मताधिक्याने लोकसभेवर गेले. मतदारांची कारणे अनेक असतील. परंतु वृत्तपत्रांनी त्यांची ओळख करून दिली ती पित्याच्या कृत्यावरूनच. देशाच्या मोठ्या भागाला जो मारेकरी, तोच एका समुदायातील अनेकांना हुतात्मा. या दोन शब्दांच्या मध्ये वाढणाऱ्या मुलाला तिसरा शब्द कोणी द्यावा?

पहिला दावेदार म्हणजे राज्यसंस्था. तिचा पूर्वेतिहास फारसा आश्वासक नाही. ठगांचा बंदोबस्त केल्यानंतर स्लीमनच्या पुढाकाराने 1837 च्या सुमारास जबलपूरला उद्योगशाळा निघाली. माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांची मुले तेथे तंबू व गालिचे विणू लागली. हातांना काम मिळाले हे खरे. पण ‘ठगाचा मुलगा’ ही ओळख पुसण्याऐवजी त्या संस्थेचे प्रयोजनच त्या ओळखीवर उभे होते. पुढे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अपराध हा व्यक्तीचा न ठेवता वंशाचा केला, आणि 1897 च्या दुरुस्तीने अशा जमातींतील मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृही ठेवण्याची मुभा सरकारला दिली. सोलापूरची सेटलमेंट मराठी वाचकाला अपरिचित नाही. काटेरी तारांच्या आत जन्मलेल्या मुलाने कोणता गुन्हा केला होता, याचे उत्तर 1952 मध्ये कायदा रद्द होईपर्यंत कोणी दिले नाही.

दुसरा दावेदार पित्याचे चाहते, साथीदार वा अनुयायी. त्यांच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ते प्रेम मुलावर असते की मुलाच्या रूपाने उरलेल्या पित्यावर? राज्यसंस्थेला मूल सुधारणेचा पुरावा म्हणून हवे असते, अनुयायांना स्मारक म्हणून. दोन्हीकडे मुलाने बापाविषयीचा निवाडा आपल्या आयुष्याने द्यावा, अशी अपेक्षा असते.

तिसरा मार्ग मराठी मुलखातच चोखाळला गेला होता. औंध संस्थानात आटपाडीजवळ मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने 1939 मध्ये स्वतंत्रपूर ही मुक्त वसाहत उभी राहिली. शांतारामांच्या 1957 च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे याच प्रयोगाची प्रेरणा होती. चित्रपटात सहा कैदी एकटे दिसतात; प्रत्यक्षात मात्र तेथे कैद्याला कुटुंबासह राहता येई. अपराधी बापाला मातीत राबताना पाहणे हेही मुलाच्या संगोपनाचा भाग होऊ शकते, हा त्यातील विचार. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (1987) या आत्मकथनाची साक्षही याच दिशेची आहे: ज्या जमातीवर कायद्याने चोरीचा शिक्का मारला, तिच्यातल्याच एका बापाने मुलाला शाळेत घातले.

एक आक्षेप मात्र टाळता येणार नाही. नोव्हेंबर 1984 मध्ये दिल्लीत ज्यांचे बाप जाळले गेले, किंवा पंजाबात बसमधून उतरवून ज्यांच्या आप्तांना गोळ्या घातल्या गेल्या, त्या मुलांची विचारपूस आधी नको काय? अवश्य हवी, आणि ती पुरेशी झाली असे म्हणवत नाही. परंतु एका अनाथाच्या खात्यावरची बाकी दुसऱ्या अनाथाकडून वसूल होत नाही. चंदीगडमध्येच मालोया येथे ‘स्नेहालय’ हे बालगृह आहे. अशा ठिकाणी प्रवेशासाठी मुलाचे निराधार असणे पुरेसे असावे. बाप मारणारा की मारला गेलेला, हा प्रश्न उंबरठ्याबाहेर राहावा.

कायदा हळूहळू या समजुतीपर्यंत आला आहे. 2006 मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना कैदी मातेजवळ राहू देण्याचे मान्य करताना, जन्मस्थळाच्या नोंदीत तुरुंगाचा उल्लेख येऊ नये, असेही बजावले. 2015 च्या बाल न्याय कायद्याने कुटुंबाची जबाबदारी प्रथम आणि संस्था हा शेवटचा उपाय, असे तत्त्व घालून दिले. तेव्हा क्रम असा लागतो: कृत्यात सहभागी नसलेले जवळचे आप्त, आजी, मावशी, काका, आणि त्यांना शासनाचा आधार व देखरेख, ते नसतील तर पालक कुटुंब वा दत्तक घर, आणि काहीच न जमल्यास बालगृह.

या क्रमाला एक अट जोडावी लागेल. मूल ज्याच्या ओटीत जाईल त्याने मुलापासून सत्य लपवू नये आणि त्या सत्याचे ओझेही मुलावर टाकू नये. ‘तुझ्या बापाने हे केले, तू केले नाहीस’ ही दोन वाक्ये एकत्र उच्चारण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे, तोच खरा पालक. पहिले वाक्य गाळणारा मुलाला स्मारक बनवतो, दुसरे गाळणारा आरोपी.

युद्धकांडात अंगद रावणाच्या सभेत दूत म्हणून उभा राहतो, तेव्हा आपण रामाचे दूत आणि वालीचे पुत्र आहोत, असे तो एकाच दमात सांगतो. प्रायोपवेशनास बसलेल्या त्या संशयी मुलापासून येथवरचा प्रवास कसा झाला, हे कवीने सांगितलेले नाही. ज्यांच्या हाती असे अंगद येतात, त्यांनी तो प्रवास घडवायचा असतो.