शून्यावर चांदा

परवा शनिवारी मूलला मामाकडे गेलो होतो. मामेबहीण बी.सी.ए. करते, पहिलं वर्ष. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणजे घरचा फुकट क्लास! पण पोरगी वहीच काढेना. "दादा, मले नाही जमत. सारं इंग्रजीतच हाये. सोडून द्यावं वाटते."

म्हटलं चल, मराठीत लिहू. जावास्क्रिप्टमध्ये नावं देवनागरीत चालतात, हे तिला माहीतच नव्हतं. ब्राउजरचा कन्सोल उघडला आणि टाइप केलं:

जिल्हे = ["चांदा"]

(शिकताना एवढं चालतं. खऱ्या कामात आधी लेट लावायचं.) हा झाला अ‍ॅरे, म्हणजे एका नावाखाली ओळीने मांडलेल्या जागा. आता पहिली जागा वाच म्हटलं. तिने लिहिलं जिल्हे[1]. उत्तर आलं, अनडिफाइन्ड! एरर नाही, नुसतं 'इथे काही नाही'. कारण मोजणी शून्यापासून. मग तिने मराठी कीबोर्डवरून जिल्हे[०] लिहिलं, तर चक्क सिंटॅक्स एरर. नाव देवनागरीत चालतं, आकडा नाही. शेवटी जिल्हे[0] लिहिलं आणि "चांदा" हजर. हुश्श!

आता बदलायचं कसं? आमचा जिल्हा पूर्वी चांदा, १९६४ च्या सुमारास त्याचं चंद्रपूर झालं. पुढे २६ ऑगस्ट १९८२ ला त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. म्हणजे दोनच ओळी:

जिल्हे[0] = "चंद्रपूर"
जिल्हे[1] = "गडचिरोली"

पहिल्या ओळीने होतं ते नाव बदललं. दुसरी जागा तर आधी नव्हतीच. लिहिल्याबरोबर तयार झाली आणि अ‍ॅरेची लांबी आपोआप 2 झाली.

"मंग चांदा कुठी गेला?" तिने विचारलं.

गेला! अ‍ॅरे जुनं काही लक्षात ठेवत नाही. हवं असेल तर बदलायच्या आधीच बाजूला काढून ठेवायचं: जुनं = जिल्हे[0]. हे मी समजावत होतो, तेवढ्यात मागून मामा म्हणाले, "टेशनवर जाऊन पाय ना. चांदा फोर्टच लिवलं हाये अजून."

असो. रविवारी मी निघालो तेव्हा ती तालुक्यांचा अ‍ॅरे करत बसली होती. शून्यावर अर्थातच मूल. सोडायचं काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.